जुना ट्रॅक्टर आणि खोटी अश्वशक्ती



बैल विकत घ्यायचा झाला तर आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो आणि चार पावले चालवून मगच पैशाला हात घालतो. ट्रॅक्टरचे मात्र दात पाहता येत नाहीत. त्याची सगळी ताकद लोखंडी पोटात दडलेली असते. वरून दोन ट्रॅक्टर अगदी जुळ्या भावांसारखे दिसतील, रंग तोच, नाव तेच, साल तेच. पण एकाच्या पोटात चाळीस अश्वशक्ती असेल आणि दुसऱ्याच्या पोटात साठ. हे ओळखायचे कसे? आणि जिथे ताकदीवर मर्यादा घातली आहे तिथे कोणी लपवून जास्त ताकद भरली, तर ते पकडायचे कसे?

हा प्रश्न अमेरिकेतील शेतकऱ्यांना त्यांच्या एका खेळात नेहमीच पडतो. तो खेळ म्हणजे जुन्या ट्रॅक्टरांची ओढ-स्पर्धा. त्या खेळातील लबाडी आणि तिच्यावर शोधलेले उपाय यांची माहिती या वेळी आम्ही देणार आहोत. खेळ परका असला तरी यंत्र आपल्या ओळखीचे आहे, आणि त्यातून निघणारा धडा आपल्या वाड्यातील ट्रॅक्टरलाही लागू पडतो.

खेळ कसा असतो?

आयोवा, ओहायो, मिसुरी, नेब्रास्का, इलिनॉय ही अमेरिकेची शेतीप्रधान राज्ये. तिथे पूर्वी घोड्यांच्या जोड्या वजन ओढण्याच्या शर्यती लावीत. ट्रॅक्टर आल्यावर त्यांचीही शर्यत सुरू झाली. 1929 साली मिसुरीतील बोलिंग ग्रीन आणि ओहायोतील वॉन्सव्हिल येथे अशा स्पर्धा झाल्याची नोंद आढळते. पुढे 1969 साली निरनिराळ्या राज्यांतील आयोजकांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली, ती मुख्यतः नियम सगळीकडे सारखे असावेत म्हणून.

सुरुवातीच्या काळात ट्रॅक्टरमागे एक सपाट घसरगाडी जोडीत. मैदानाच्या कडेला माणसे ठरावीक अंतरावर उभी असत आणि गाडी जवळ आली की एकेक जण तिच्यावर चढे. आपल्याकडे ढेकळे फोडायला बैलांमागे फळी ओढतात आणि तिच्यावर माणूस उभा राहतो, तसाच हा प्रकार. गाडी पुढे जाईल तसे ओझे वाढत जाई आणि शेवटी ट्रॅक्टर जागच्या जागी थांबे. आता माणसांना चढवीत नाहीत. गाडीवर वजनाची एक मोठी पेटी असते. गाडी चालू लागली की ती पेटी साखळीने मागून पुढे सरकते, गाडीचा पुढचा पत्रा जमिनीत दाबला जातो आणि पावलागणिक ओढ जड होत जाते. मैदान साधारणपणे 300 फुटांचे असते. जो ते पार करतो त्याने पुरी ओढ केली. ज्याला जमत नाही त्याचे अंतर फुटाइंचांत मोजतात.

मोठ्या स्पर्धांत विमानाची इंजिने बसवलेली राक्षसी यंत्रेही उतरतात. त्यांची गोष्ट वेगळी. आपण बोलत आहोत ते आजोबांच्या काळातील ट्रॅक्टरांविषयी. साधारणपणे 1950 च्या दशकापर्यंत बनलेले हे ट्रॅक्टर. फार्मॉल, जॉन डिअर, ऑलिव्हर, अॅलिस-चामर्स अशी त्यांची नावे. ज्या ट्रॅक्टरवर आजोबांनी नांगरट केली तोच नातू दुरुस्त करून रविवारी मैदानात आणतो. बक्षीस बहुधा एखादा चषक किंवा किरकोळ रक्कम. पण मान मोठा, आणि मान आला की मोह आलाच.

नियम काय असतात?

नियम संघागणिक थोडेफार बदलतात. पण मुख्य नियम चार. पहिला वजनाचा: ट्रॅक्टर काट्यावर चढवून चालकासह तोलतात आणि वजनाप्रमाणे गट पाडतात. दुसरा हुकाच्या उंचीचा: मागची ओढदांडी जमिनीपासून ठरलेल्या उंचीच्या वर नको, बहुतेक ठिकाणी ही मर्यादा 18 ते 20 इंचांच्या आसपास असते. तिसरा इंजिनाचा: मूळ कारखान्यातून निघाले तसे इंजिन असावे, किंवा ठरवून दिले तेवढेच बदल असावेत. चौथा वेगाचा: इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर किंवा मैदानावरील चालीवर मर्यादा.

पहिला, दुसरा आणि चौथा नियम काटा, पट्टी आणि घड्याळ लावून तपासता येतो. तिसरा नियम मात्र उघड्या डोळ्यांनी तपासता येत नाही. सगळी लबाडी तिथेच घर करते.

अश्वशक्तीचे गणित

लबाडी समजायची तर आधी अश्वशक्ती म्हणजे काय ते नीट समजले पाहिजे. ज्याला आपण बोलताना एच. पी. म्हणतो ती ही. 33,000 पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. यात दोन गोष्टी आल्या: जोर आणि वेग. नुसत्या जोराला अश्वशक्ती म्हणत नाहीत. जड दगडाला खांदा लावून माणूस तासभर उभा राहिला आणि दगड हलला नाही, तर त्याची शक्ती हिशेबात शून्य.

आता ट्रॅक्टरचे उदाहरण घेऊ. समजा, 5,000 पौंडांची, म्हणजे सुमारे 23 क्विंटलांची ओढ आहे आणि ट्रॅक्टर ताशी 3 मैल, म्हणजे ताशी जेमतेम 5 किलोमीटर चालतो आहे. ताशी 3 मैल म्हणजे मिनिटाला 264 फूट. 5,000 ला 264 ने गुणावे आणि 33,000 ने भागावे. उत्तर येते 40. म्हणजे चाकांचे घसरणे आणि गिअरमधली घट सोडून 40 अश्वशक्ती लागली. तीच ओढ ताशी 6 मैलांनी करायची तर 80 अश्वशक्ती लागेल.

इथेच खेळाची मेख आहे. चाकाची पकड ट्रॅक्टरच्या वजनावर अवलंबून असते. वजन काट्यावर बांधलेले आहे, म्हणून ओढीचा जोर कोणालाच फारसा वाढवता येत नाही. वाढवता येतो तो वेग. जास्त ताकदीचा ट्रॅक्टर वरचा गिअर टाकून जोरात सुटतो, ओझे जड होईपर्यंत निम्मे मैदान मागे टाकतो आणि अंगच्या वेगाच्या रेट्याने शेवटची वीस-तीस फुटे काढतो. मूळ इंजिनाचा ट्रॅक्टर त्या वेगाला पोचूच शकत नाही.

लबाडी कुठे लपते?

आम्ही एका प्रसिद्ध ट्रॅक्टरचे उदाहरण देतो, म्हणजे प्रकार ध्यानात येईल. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा फार्मॉल एम हा 1939 ते 1952 या काळात बनत होता आणि अडीच लाखांवर विकला गेला. चार सिलिंडर, मिनिटाला 1,450 फेरे आणि पट्ट्यावर मोजलेली ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत. त्याच्या सिलिंडरचा व्यास चार इंचाला एक सूत कमी, आणि पिस्टनची चाल सव्वापाच इंच. चारही सिलिंडर मिळून आतली जागा सुमारे 248 घनइंच भरते.

याच कंपनीने पुढे सुपर एम काढला. त्यात पिस्टनची चाल तीच ठेवून व्यास पुरा चार इंच केला. जागा झाली 264 घनइंच. त्यापुढे फार्मॉल 450 आला. त्याचा व्यास चार इंच एक सूत. जागा झाली 281 घनइंच. तिन्ही इंजिने एकाच घराण्यातली. या घराण्यातील सिलिंडरचे लायनर काढून दुसरे बसवता येतात. म्हणजे एखाद्याने एमच्या पोटात 450 चे लायनर आणि पिस्टन बसवले, तर व्यास अवघा दोन सूत वाढतो, पण जागा 13 टक्क्यांनी वाढते. कारण व्यास वाढला की तोंडाचे क्षेत्रफळ वर्गाने वाढते. वरून पाहाल तर ट्रॅक्टर तोच, तांबडा रंग तोच, क्रमांकाची पट्टी तीच. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ते असे.

दुसरा मार्ग दाब वाढवण्याचा. जुनी इंजिने हलक्या दर्जाच्या इंधनावर आणि रॉकेलसारख्या तेलावरही चालावीत म्हणून त्यांचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असे. डोंगराळ मुलखात हवा विरळ असते, तिथे इंजिनाची ताकद उतरते. म्हणून कारखाने तिकडच्या शेतकऱ्यांसाठी जास्त दाबाचे पिस्टन स्वतःच विकत असत. तेच पिस्टन आज सपाटीवरच्या मैदानात कोणी बसवले तर ताकद वाढते. माल कारखान्याचा आणि असली. मग ही लबाडी की नाही? यावर मैदानांत वाद होतात. नियमात स्पष्ट लिहिले नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते.

तिसरा मार्ग श्वासाचा. व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कॅमशाफ्ट घासून त्याचा आकार बदलायचा, हेडमधल्या हवेच्या वाटा कोरून मोठ्या करायच्या, कार्बोरेटरची नळी आतून रुंद करायची. इंजिनात जास्त हवा गेली की जास्त इंधन जळते. यातले काहीच बाहेरून दिसत नाही.

चौथा मार्ग गव्हर्नरचा. गव्हर्नर हा ट्रॅक्टरचा लगाम आहे. फेरे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तो इंधन आवळतो. त्याची स्प्रिंग ताणली किंवा अडथळ्याचा खिळा वाकवला की लगाम सैल होतो. काही हुशार लोक याहून पुढे जातात: तपासणीच्या वेळी गव्हर्नर मर्यादेत आणि मैदानात उतरल्यावर छुप्या तारेने मोकळा.

पाचवा मार्ग इंधनाचा. टाकीत पंपावरचे पेट्रोल असावे असा नियम असताना त्यात मिथेनॉल किंवा नायट्रोमिथेन मिसळायचे. नायट्रोमिथेनच्या अंगातच प्राणवायू असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळते. इथे आरोग्याची एक गोष्ट सांगून ठेवतो. मिथेनॉल म्हणजे तेच विष, जे हातभट्टीच्या दारूत आले की माणसे आंधळी होतात आणि मरतात. त्याची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. मिथेनॉलवर चालणारे मोठे गट उघडपणे असतात आणि तिथे आग विझवणारी माणसे त्या तयारीने उभी असतात. चोरून मिसळलेल्या ट्रॅक्टरापाशी तशी तयारी कोणाचीच नसते.

नुकसान कोणाचे?

कोणी म्हणेल, रविवारचा खेळ आहे, एखाद्याने थोडी लबाडी केली तर काय बिघडले? बिघडते ते दोन प्रकारांनी.

पहिले असे की, सरळ माणूस खेळ सोडतो. ज्याच्याकडे बापाचा ट्रॅक्टर आहे तसाच आहे, त्याला दर वेळी हार खावी लागते. मग तोही चोरून लायनर बदलतो, नाही तर घरी बसतो. जो चोरून बदलतो त्याला पुढल्या वर्षी दुसरा कोणी मागे टाकतो. अशाने खर्च वाढत जातो आणि गरीब शेतकऱ्याचा खेळ पैसेवाल्यांचा होतो.

दुसरे नुकसान जिवाचे. हे नीट ध्यानात घ्यावे. फिरणाऱ्या वस्तूला बाहेर फेकणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. 1,450 फेऱ्यांसाठी ओतलेले बिडाचे फ्लायव्हील कोणी 2,900 फेऱ्यांनी फिरवले, तर फेरे दुप्पट झाले पण ताण चौपट झाला. त्यात ते लोखंड सत्तर-ऐंशी वर्षांचे, आत कुठे बारीक तडा असला तर कोणाला दिसत नाही. असे फ्लायव्हील किंवा क्लच फुटला की तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात, आणि ते असतात चालकापासून हातभर अंतरावर. म्हणून ज्या गटांत जास्त फेऱ्यांची परवानगी आहे तिथे फ्लायव्हीलभोवती पोलादी कवच सक्तीचे असते. मागच्या घसरगाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक दोरीही बांधतात. गाडी सुटली की दोरी खेचली जाऊन इंजिन आपोआप बंद पडते. लबाडी करणारा मात्र साध्या गटात उतरतो, जिथे ही कवचे नसतात. परवानगीपेक्षा जास्त ताकद आणि परवानगीपुरतेच संरक्षण, असा हा जिवाशी खेळ.

पकडायचे कसे?

सरळ उपाय म्हणजे इंजिन उघडून मोजणे. हेड काढले, पट्टी लावली की व्यास कळतो. पण यात दिवस जातो, गॅस्केटचा खर्च येतो, आणि ज्याचे इंजिन उघडले तो जर निर्दोष निघाला तर त्याची भरपाई कोण देणार? यासाठी अनेक ठिकाणी तक्रारीची अनामत ठेवतात. ज्याला संशय आहे त्याने ठरलेली रक्कम पंचांकडे ठेवावी. इंजिन खोटे निघाले तर रक्कम परत आणि लबाड बाहेर. खरे निघाले तर रक्कम इंजिनाच्या मालकाला. त्यामुळे उगाच आळ घेणाऱ्याचेही तोंड बंद होते.

दुसरा उपाय इंजिन न उघडता मोजण्याचा. स्पार्क प्लग काढून त्या भोकाला एक मापक जोडतात आणि इंजिन फिरवतात. पिस्टन वरखाली होताना किती हवा ढकलतो ते मापकावर दिसते, आणि त्यावरून सिलिंडरची जागा निघते. मोटारींच्या शर्यतींत ही युक्ती बरीच वापरतात. व्यास वाढवला असेल किंवा पिस्टनची चाल वाढवली असेल तर ती यात सापडते. पण कॅमशाफ्ट, कार्बोरेटर आणि इंधन यांची लबाडी सापडत नाही.

तिसरी युक्ती आम्हांला फार मजेदार वाटली. मातीच्या मैदानावरील काही मोटार-शर्यतींत असा नियम असतो की, हरलेला स्पर्धक ठरलेल्या किमतीला जिंकणाऱ्याचे इंजिन विकत मागू शकतो आणि जिंकणाऱ्याला ते द्यावे लागते. मग इंजिनात लाखाचा माल भरण्यात अर्थ काय राहिला? पंचाला काहीच मोजावे लागत नाही. मोह आपोआप आटोक्यात राहतो. मात्र आजोबांच्या ट्रॅक्टरचे इंजिन कोण विकणार? तिथे हा नियम चालणे कठीण.

म्हणून जुन्या ट्रॅक्टरांच्या पुष्कळ संघांनी चौथा आणि सर्वांत शहाणा मार्ग धरला. पोटात काय आहे ते विचारणेच त्यांनी कमी केले आणि मैदानावर जे दिसते ते मोजायला घेतले. ट्रॅक्टरने ताशी 3 किंवा 4 मैलांच्या पुढे जायचे नाही. वेग यंत्राने मोजला जाईल. ओलांडला की बाद. आता वरचे गणित आठवा. वजन बांधलेले, म्हणून जोर बांधलेला. वेग बांधला की अश्वशक्तीही बांधली गेली. पोटात साठ अश्वशक्ती भरली तरी मैदानावर चाळीसच वापरता येणार. लपवलेल्या ताकदीला करायला कामच उरत नाही. मग जिंकतो तो ज्याने वजन नीट वाटले आहे, टायरमध्ये हवा बेताची ठेवली आहे, हूक योग्य उंचीवर बांधला आहे आणि ज्याचा हात स्थिर आहे तो. ही सगळी शेतकऱ्याचीच विद्या.

ज्यांना इंजिनाशी खेळायची हौस आहे त्यांना काय? त्यांच्यासाठी वेगळे गट ठेवतात: एक मूळ इंजिनाचा, एक थोड्या बदलांचा, एक मोकळा. हौसेला उघड वाट मिळाली की चोरवाटेची गरज कमी होते.

या सगळ्यातून आम्हांला एकच गोष्ट महत्त्वाची दिसते. जो नियम तपासता येत नाही तो नियम लबाडाला मदत करतो, कारण तो पाळणारा सरळ माणूस एकटाच बांधला जातो.

हीच लबाडी कारखानदारांनी केली होती

खोटी अश्वशक्ती सांगण्याचा रोग शेतकऱ्यांनी सुरू केला असे मात्र नव्हे. शंभर वर्षांपूर्वी तो ट्रॅक्टर विकणाऱ्यांत होता. त्या काळी ट्रॅक्टरच्या नावातच दोन आकडे लिहीत, जसे 10-20 किंवा 15-30. पहिला आकडा ओढण्याच्या ताकदीचा, दुसरा पट्ट्यावर यंत्र चालवण्याच्या ताकदीचा. पण हे आकडे कोणी तपासत नसे. ज्याला वाटेल तो वाटेल तो आकडा छापी.

नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी मिनियापोलिसच्या एका कंपनीचा फोर्ड ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्ड यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. फोर्ड आडनावाचा एक माणूस पुढे करून कंपनीने ते नाव लावले होते. ट्रॅक्टर निकामी निघाला. दुसरा घेतला, तोही तसाच. तिसरा घेतला तो रूमली कंपनीचा ऑइलपुल. तो मात्र सांगितल्यापेक्षा जास्त काम करणारा निघाला. क्रोझियर पुढे राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले आणि सिनेटर चार्ल्स वॉर्नर यांच्या साथीने 1919 साली त्यांनी कायदा करून घेतला. राज्यात ट्रॅक्टर विकायचा असेल तर लिंकन येथील विद्यापीठात त्याची चाचणी झाली पाहिजे, आणि सुटे भाग राज्यात मिळाले पाहिजेत, असा तो कायदा.

1920 साली पहिली चाचणी पूर्ण झाली, ती वॉटरलू बॉय या ट्रॅक्टरच्या एन नमुन्याची. ओढीवर 12 आणि पट्ट्यावर 25 अश्वशक्ती असा त्याचा दावा होता आणि तो खरा ठरला. हळूहळू खोटे आकडे छापणारे बाजारातून उठले. एका राज्याचा कायदा, पण अहवाल साऱ्या देशातील शेतकरी वाचू लागले. आजही जुन्या ट्रॅक्टरची मूळ ताकद आणि मूळ फेरे किती यावर मैदानात वाद निघाला, तर लिंकनच्या त्या जुन्या नोंदी हाताशी असतात. शेतकऱ्याला फसवले जाऊ नये म्हणून केलेली मोजणी आता शेतकऱ्याने शेतकऱ्याला फसवू नये म्हणूनही कामी येते.

आपल्यासाठी काय?

आपल्या देशातही अशी मोजणी होते. मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी बुदनी येथे 1955 साली केंद्र सरकारची शेती-यंत्रांची संस्था सुरू झाली. इंदूरकडील आमच्या वाचकांना हे गाव ठाऊक असेलच. तिथे ट्रॅक्टरची रीतसर चाचणी होते आणि अहवाल निघतो. तेव्हा ट्रॅक्टर घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

विक्रेता सांगतो ती बहुधा इंजिनाची अश्वशक्ती असते. रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालते ते मागच्या दांड्याच्या, म्हणजे पी. टी. ओ.च्या ताकदीवर, आणि नांगर चालतो तो ओढीच्या ताकदीवर. हे तिन्ही आकडे वेगळे असतात आणि प्रत्येक पुढचा आकडा मागच्यापेक्षा कमी असतो. म्हणून "किती एच. पी.?" एवढेच न विचारता "पी. टी. ओ.वर किती, ओढीवर किती?" असे विचारावे आणि चाचणीचा अहवाल दाखवायला सांगावे.

जुना ट्रॅक्टर घेताना डिझेल पंपाचे सील शाबूत आहे का ते पाहावे. बेळगावकडच्या ऊसपट्ट्यात दोन ट्रॉल्या ओढायच्या म्हणून पुष्कळदा हे सील तोडून पंपाचे डिझेल वाढवून घेतात. ताकद वाढल्यासारखी वाटते, पण नळीतून निघणारा काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, अर्थात आपलेच पैसे. पिस्टन तापतात, इंजिनच्या तेलात डिझेल उतरते, लायनर लवकर झिजतात. शिवाय ब्रेक होते तेवढेच राहतात. उतारावर भरलेल्या ट्रॉल्या मागून रेटू लागल्या की वाढवलेली अश्वशक्ती कामी येत नाही. कामी येतात ते ब्रेक.

आणि शेवटची गोष्ट हुकाची. त्या मैदानात पंच पट्टी घेऊन हुकाची उंची का मोजतात, ते प्रत्येक घरातील पोराने समजून घ्यावे. ओढ मागच्या आसाच्या खालून लागली तर ट्रॅक्टर पुढे जातो. तीच वरून लागली आणि मागचे ओझे हलले नाही, तर चाके जागीच राहतात आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते. डोळा मिटून उघडेपर्यंत तो मागे उलटतो आणि चालक खाली सापडतो. म्हणून चिखलात रुतलेली ट्रॉली किंवा झाडाचा बुंधा ओढताना साखळी मागच्या आसाला किंवा वरच्या लिंकला कधीही बांधू नये. ती खालच्या ओढदांडीलाच बांधावी, खालचा गिअर टाकावा आणि क्लच हळूच सोडावा. एवढ्याने ओझे हलले नाही तर ट्रॅक्टर थांबवावा, माती उकरावी आणि गरज पडल्यास शेजाऱ्याचा दुसरा ट्रॅक्टर बोलवावा.